ज्याची वाट, त्याचं पाऊल

टकळ्याला गप्प बसवायचं असेल तर दोनच उपाय होते. एक तर त्याला झोपवायचं, नाहीतर त्याच्यासमोर लढाईचा विषय काढायचा. हा दुसरा उपाय फार थोड्यांना माहीत होता. एरवी हा माणूस गाडी शिकवण्याच्या धंद्यात होता, आणि त्याच्याकडे शिकलेला प्रत्येक जण क्लच-ब्रेकबरोबर अख्ख्या गावातल्या सोयरिकी, भाऊबंदक्या आणि आजारपणं पाठ करूनच बाहेर पडायचा. लष्करात असताना पडलेलं हे नाव साठी जवळ आली तरी त्याला चिकटून होतं, आणि ते त्याला शोभत नाही असं आजवर कोणी म्हटलेलं नव्हतं.

असा हा टकळ्या आज सकाळी दहापासून निवृत्त सैनिकांच्या कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावरच्या बाकावर, तोंड शिवल्यासारखा बसला होता. शेजारी त्याची धाकटी बहीण, मांडीवर जाडजूड फाइल घेऊन. आणि तिच्या पलीकडे तिचा नवरा, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं.

त्या नवऱ्याला तुकडीत ‘सावकाश’ म्हणत. दुधाने तोंड कधी पोळलेलं नसतानाही ताक फुंकून पिणारा माणूस. हल्ली तो दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करायचा, आणि केसभर फरक राहिला तरी काटा पुन्हा पूर्ण खोलायचा. दुकानदार वैतागायचे आणि पुढच्या वेळी परत त्याच्याकडेच यायचे. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता, तिथे लाकडी पाय होता, आणि डाव्या हाताला तीनच बोटं होती. पाय आणि बोटं, दोन्ही लढाईत गेली होती. आणि या माणसाच्या लष्करी कागदावर लिहिलेलं होतं, ‘स्वतःच्या निष्काळजीपणामुळे जखमी’. नशिबाला थट्टा करायचीच असेल तर निदान बरी तरी करावी.

लढाईत जखमी झालेल्यांना पदक मिळतं, पण कागदावर हा शेरा असेल तर मिळत नाही. सावकाशने तीनदा अर्ज केला होता. प्रत्येक अर्जात एकच वाक्य होतं: ज्या वाटेवर मी जखमी झालो ती वाट मी साफ केलेली नव्हती. कार्यालयाने प्रत्येक वेळी उलट विचारलं, मग कोणी केली होती? त्यावर सावकाशने काहीच उत्तर दिलं नाही, आणि तिन्ही अर्ज नामंजूर झाले. आज शेवटचं अपील होतं. आज नाही म्हणाले की फाइल कायमची बंद.

या वेळी बहिणीने हे प्रकरण स्वतःच्या हातात घेतलं होतं. मागच्या दोन वेळा तिने भावाला साक्षीला ये म्हणून सांगितलं, तर एकदा त्याच्या गाडीचं इंजिन उतरवलेलं होतं आणि एकदा त्याची दाढ ठणकत होती. या खेपेला ती सरळ त्याच्या शिकाऊ गाडीत येऊन बसली आणि म्हणाली, “दादा, शुक्रवारी तू येतोयस. तू तिथे होतास ना?”

“होतो.”

“मग झालं तर.”

आता त्या वाटेचं काय ते सांगून टाकू. लपवाछपवी करायला टकळ्या एकटा पुरेसा आहे.

त्यांची तुकडी सुरुंग शोधून काढणारी. पुढे जाणाऱ्या सैन्यासाठी माणूसभर रुंदीची वाट साफ करायची, दोन्ही बाजूंना पांढरी फीत लावायची, हे त्यांचं काम. त्यांचा एक जुना नियम होता: ज्याची वाट, त्याचं पाऊल. ज्याने वाट साफ केली त्यानेच सगळ्यांच्या देखत तिच्यावरून पहिलं चालायचं. आपल्याच जिवाशी गाठ असली की माणूस काम चोख करतो, एवढं साधं गणित. दुसऱ्या कोणाला त्या वाटेवर जायचं असेल तर त्याने मोठ्याने विचारायचं, “साफ?” आणि ज्याची वाट त्याने उत्तर द्यायचं, “साफ.” न विचारता जो पुढे गेला, त्याचं तो बघून घेईल.

त्यामुळे ताज्या वाटेवर कोणी उडाला, तर ती वाट त्याचीच होती आणि सुरुंग त्याच्याच नजरेतून सुटला, असं धरून चालायचे. सावकाश उडाला तेव्हा त्याच्या साहेबांनी तेच धरलं आणि तीन शब्दांत शेरा मारला. कोणाला विचारायची गरजच वाटली नाही.

ती वाट टकळ्याची होती. त्याने ती साफ केली, फीत लावली, आणि चालायची वेळ आली तेव्हा त्याची पाचावर धारण बसली. त्याने पोट दाबून धरलं आणि तो सावकाशला म्हणाला, “कळ आलीय रे, माझ्याऐवजी तू जा.” सावकाशने त्याच्याकडे पाहिलं. पोट दुखत नाहीये हे त्याला कळलं असणारच. तरी तो गेला. टकळ्याने डोळे गच्च मिटून घेतले, आणि मग आवाज झाला.

एवढं त्या दोघांना माहीत होतं. पण एक गोष्ट सावकाशलाही माहीत नव्हती. सतराव्या पावलाजवळ टकळ्याच्या सुरुंग शोधायच्या यंत्राने बारीक आवाज केला होता. दोन वेळा. त्याने सळई घालून पाहिलं, काही लागलं नाही. मागून वायरलेसवर साहेबांची घाई चाललेली. नियम असा की शंका आली तर ती जागा हाताने उकरायची. टकळ्याने उकरली नाही. आणि सावकाशने पाऊल टाकण्याआधी विचारलं, “साफ?” तेव्हा याने पोट धरून उत्तर दिलं, “साफ.”

पाय गमावून परतलेल्या मित्राला पुढे टकळ्याच्या बहिणीने आपणहून पसंत केलं. त्या लग्नात टकळ्याने इतकी धावपळ केली की पाहुणे म्हणाले, भाऊ असावा तर असा. खाई त्याला खवखवे, ते हे.

शिपाई बाहेर आला आणि ओळखपत्रांच्या प्रती खालच्या खिडकीवर शिक्का मारून आणायला सांगून गेला. बहीण फाइल घेऊन खाली गेली. बाकावर दोघंच उरले.

“मी उंट्याचं नाव घेणार आहे,” टकळ्या घाईघाईने म्हणाला.

उंट्या म्हणजे त्यांच्याच तुकडीतला एक लांबुडका, मानेने पुढे वाकलेला माणूस. त्या घटनेनंतर नऊ दिवसांनी तो तोफगोळ्याने गेला.

सावकाशने काठी मांडीवर आडवी घेतली.

“वाट उंट्याची होती, त्याला बरं नव्हतं म्हणून तू गेलास. एवढंच सांगायचं. ऐक माझं, त्याच्यामागे कोणी नाही, मी चौकशी केलीय. आई होती, तीही गेली. कोणाचं काही वाकडं होत नाही.”

“स्ट्रेचर येईपर्यंत माझी मांडी उंट्याने दाबून धरली होती,” सावकाश म्हणाला. “दोन्ही हातांनी. नाहीतर मी तिथेच गेलो असतो.”

“माहीत आहे मला.”

“मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायचं म्हणतोस.”

“मग काय करू?” टकळ्याचा आवाज चिरकला. “तुला पदक पाहिजे ना?”

“पाहिजे,” सावकाश म्हणाला. “मला सांगायला लाज नाही वाटत. मला ते पाहिजे. छातीला लावून एकदा त्या दुकानांच्या ओळीतून चालायचंय. लोक विचारतात पाय कसा गेला, मी सांगतो चूक झाली. अठ्ठावीस वर्षं चूक झाली म्हणतोय. माझी चूक नव्हती.”

“मग तू माझं नाव का नाही घेतलंस?”

“तेव्हा घेतलं असतं तर तुला तुरुंगात टाकलं असतं. नंतर घेतलं असतं तर माझ्या घरात आग लागली असती.” त्याने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “आणि घाबरला होतास तू. भीती वाटणं हा काही गुन्हा नाही. मी इतका पण कोता नाही.”

भीती वाटणं हा गुन्हा नाही. टकळ्याला वाटलं, याने आपल्याला दोन शिव्या हासडल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

“आत तू फक्त गप्प बस,” तो म्हणाला. “बोलायचं मी बघतो. तेवढं एकच तर येतं मला.”

बहीण धापा टाकत जिना चढून आली, आणि तेवढ्यात नाव पुकारलं गेलं.

खोली छोटी होती. लांब टेबलामागे तिघं बसले होते. मध्ये अध्यक्षबाई, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. एका बाजूला डॉक्टर. दुसऱ्या बाजूला एक निवृत्त अधिकारी, केस पांढरे, उजव्या कानात यंत्र. कोपऱ्यात टंकलेखक. टकळ्याने अधिकाऱ्याच्या कोटावरचं छोटं चिन्ह पाहिलं. हा गृहस्थ स्वतः सुरुंगवाला होता. याच्यापुढे थापा पचणार नाहीत.

डॉक्टरांनी फाइल चाळली. “जखमांबद्दल माझं काही म्हणणं नाही. सुरुंगाच्याच आहेत.”

“वाद जखमेचा नाहीच,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “वाद वाट कोणाची होती याचा आहे. साक्षीदार, तुम्ही तिथे होतात. सांगा.”

टकळ्याने सांगितलं. आणि काय सांगितलं! पहाटेचं धुकं, साहेबांची घाई, उंट्याचा ताप, त्याचे थरथरणारे हात, सावकाशने आपणहून पुढे होणं. बोलता बोलता त्याचं त्यालाच ते खरं वाटायला लागलं. अधिकारी मान हलवत होता. टंकलेखकाची बोटं त्याच्या जिभेच्या मागे धावत होती. बहिणीने पदर डोळ्यांना लावला. घोडं गंगेत न्हायलं असं टकळ्याला वाटलं.

अध्यक्षबाई सावकाशकडे वळल्या. “साक्षीदार म्हणतात ते बरोबर आहे?”

एक ‘हो’ म्हणायचं होतं. मानही हलवली असती तरी चाललं असतं. सावकाशचा काठीवरचा हात घट्ट झाला, सैल झाला, परत घट्ट झाला. टकळ्याने त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि मनातल्या मनात म्हटलं, म्हण रे बाबा, एकदाच म्हण.

“नाही,” सावकाश म्हणाला.

टंकलेखकाची बोटं थांबली.

“ती उंट्याची वाट नव्हती. तो मागे सामान उतरवत होता. त्याचं नाव तिथून काढा.”

“मग कोणाची होती?”

“ते मी सांगणार नाही.”

“अहो,” बहीण अर्धवट उठली, “काय करताय तुम्ही? दादा सांगतोय ना...”

“बाई, तुम्ही मध्ये बोलू नका.” अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. त्या चिडलेल्या दिसत होत्या, आणि का चिडू नये? “तुम्ही तीन अर्ज केलेत. आम्ही तीनदा एकच प्रश्न विचारला. आज तुमचा साक्षीदार उत्तर देतो, तर तुम्हीच ते खोटं म्हणता. माझ्यापुढे दुसरा मार्ग राहिलेला नाही.” त्यांनी पेन उचललं. “अपील...”

“माझी होती,” टकळ्या म्हणाला.

हे शब्द त्याच्या तोंडातून आले खरे, पण इतके हळू की कानात यंत्र असलेला अधिकारी पुढे वाकला. “काय म्हणालात?”

“वाट माझी होती. मी साफ केली होती. चालायची वेळ आली तेव्हा मी घाबरलो, आणि पोट दुखतंय म्हणून यांना पुढे पाठवलं. उंट्याचं मी खोटं बोललो.”

बहीण खाली बसली. टकळ्याला तिच्याकडे बघवेना, म्हणून तो टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. तिथला पत्रा एका जागी उखडला होता.

अध्यक्षबाईंनी काही बोलण्याआधीच अधिकाऱ्याने हात वर केला. “थांबा. मला एक विचारायचंय. दुसऱ्याच्या वाटेवर अर्जदार गेले. ठीक आहे. पण जाण्याआधी त्यांनी विचारलं होतं का? विचारलं नसेल तर शेरा राहतो. वाट कोणाची का असेना.”

“विचारलं होतं,” सावकाश म्हणाला.

“तुमच्या शब्दावर मला जाता येणार नाही. साक्षीदार सांगतील.”

“विचारलं होतं,” टकळ्या म्हणाला. “‘साफ?’ म्हणून विचारलं. आणि मी ‘साफ’ म्हणालो.”

“तुमची खात्री होती?”

हा प्रश्न अधिकाऱ्याने सहज विचारला होता. सुरुंगवाला सुरुंगवाल्याला विचारतो तसा. टकळ्याला ते कळलं. इथे ‘होती’ म्हटलं की संपलं. सावकाशचं पदक झालंच होतं. घाबरटपणाची लाज घेऊन आपण घरी जाऊ, बहीण आठ दिवस बोलणार नाही, मग बोलेल, आणि सावकाश तर आधीच माफ करून बसलाय. सतराव्या पावलाची गोष्ट या जगात आपल्या एकट्यालाच माहीत होती. यंत्र मोडीत गेलं, साहेब मेला, उंट्या मेला. कोणी विचारणार नव्हतं. कोणी कधीच विचारलं नव्हतं.

पण आता विचारलं होतं. आणि ज्याला ‘साफ’ म्हणून सांगितलं होतं, तो दोन हातांच्या अंतरावर बसला होता.

“नव्हती,” टकळ्या म्हणाला.

“म्हणजे?”

“यंत्र वाजलं होतं. एका जागी, दोनदा. सळईला काही लागलं नाही. मी उकरून बघितलं नाही. मला शंका होती, म्हणून तर माझे पाय उचलेनात. यांना मी ते सांगितलं नाही. ‘साफ’ म्हणालो.”

अधिकाऱ्याने कानातलं यंत्र जरा नीट केलं, जणू त्याला नीट ऐकू आलं नव्हतं. पण आलं होतं. त्याने टकळ्याकडे पाहिलं ते असं, की जणू सगळे सुरुंगवाले एकीकडे आणि खोटं ‘साफ’ म्हणणारा हा एकटा एकीकडे.

मग अध्यक्षबाईंनी टंकलेखकाला मजकूर सांगितला. निष्काळजीपणाचा शेरा रद्द. पदकासाठी शिफारस. साक्षीदाराची पहिली साक्ष खोटी होती, याचीही नोंद. “यावर पुढे काय करायचं ते वरचे लोक ठरवतील,” त्या टकळ्याला म्हणाल्या. “इतक्या वर्षांनी बहुधा काही होणार नाही. पण कागदावर राहील.”

“राहू दे,” टकळ्या म्हणाला.

आणि त्याने सही केली.

बाहेर बोळात बहीण थांबली नाही. फाइल छातीशी धरून ती सरळ जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली, पाठमोरी. सावकाश मात्र बाकाजवळ थांबला. टकळ्या त्याच्यासमोर आला. आयुष्यभर ज्याची जीभ टाळूला लागली नाही, त्याला एक वाक्य सुचत नव्हतं.

“कितवं पाऊल?” सावकाशने विचारलं.

“काय?”

“यंत्र कुठे वाजलं?”

“सतराव्या पावलापाशी.”

सावकाशने मान खाली घातली. त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता.

“मी तेविसाव्यावर होतो,” तो म्हणाला. “बावीस झाली होती माझी मोजून. सतरावं मी केव्हाच ओलांडलं होतं. तिथे काही नव्हतं. असेल एखादा खिळा, नाहीतर डब्याचं झाकण.”

टकळ्याच्या छातीवरचा धोंडा सरकला. खरंच सरकला. अठ्ठावीस वर्षं ज्या पावलाने त्याची झोप खाल्ली होती, ते पाऊल ते नव्हतंच. आपण जे लपवलं त्याने याचा पाय गेला नव्हता. जो सुरुंग फुटला त्याचा यंत्राला पत्ताच लागला नव्हता, तो कोणालाही सापडला नसता. त्याच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं आणि त्याने सावकाशचा हात धरला, तीन बोटांचा.

“म्हणजे मी...” तो म्हणाला. “म्हणजे माझ्या त्या...”

सावकाशने हात सोडवून घेतला. झटकला नाही. सोडवून घेतला.

“पण तू मला सांगितलं असतंस ना,” तो म्हणाला, “तर मी चाललोच नसतो.”

त्याने ते ओरडून म्हटलं नाही, रागानेही म्हटलं नाही. काट्यात फरक कुठे आहे ते दुकानदाराला दाखवावं तसं म्हटलं. मग तो वळला आणि जिन्याकडे गेला. बहीण “चला” म्हणाली, नवऱ्यालाच. दोघं एकेक पायरी उतरायला लागले.

टकळ्या बोळाच्या टोकाला असलेल्या खिडकीपाशी गेला. सकाळी तिघं त्याच्याच गाडीतून आले होते, आणि गाडी खाली फाटकासमोर उभी होती. दोघं फाटकातून बाहेर आले. सावकाश गाडीजवळ क्षणभर थांबला, काठी नीट धरली, आणि बायकोबरोबर पुढे बसथांब्यावर जाऊन उभा राहिला.